आवक क्रमांक नसलेला देश

पिस्कॅटवेत तक्रार करण्यासारखं फारसं काही नाही, ही अण्णांची पहिली तक्रार.

दुसरी गावाच्या नावाची. "पिस्कॅटवे! हे काय नाव झालं? केस विस्कटून झोपेतून उठल्यासारखं." मी त्यांना सांगून पाहिलं, की १६६६ साली उत्तरेकडच्या पिस्कॅटक्वा नदीकाठून माणसं इथे वस्तीला आली, येताना तिकडचं नाव घेऊन आली, आणि न्यू जर्सीतल्या सगळ्यांत जुन्या गावांपैकी हे एक आहे. अण्णांनी ते नीट ऐकून घेतलं आणि तिसरी तक्रार नोंदवली. "साडेतीनशे वर्षं झाली आणि गावाला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. न्यूयॉर्कला जायचं तर एडिसनला जा, नाहीतर न्यू ब्रन्सविकला जा. आमच्या कणकवलीला आहे!" कोकण रेल्वे पूर्ण धावायला १९९८ साल उजाडलं, आणि तोवरच्या एसटीच्या प्रवासाबद्दल अण्णांच्या ज्या तक्रारी आहेत त्यांना स्वतंत्र संध्याकाळ लागते, म्हणून मी तो विषय काढला नाही.

अण्णा हे कुणा एकाचं नाव नव्हे. उन्हाळ्यात संध्याकाळी रॅरिटन नदीकाठच्या जॉन्सन पार्कात गेलात तर अर्धा डझन अण्णा सहज दिसतील. पायांत मुलाचे जुने बूट, अंगात नातवाच्या शाळेचा टी-शर्ट, डोक्यावर सुनेच्या कंपनीची टोपी, हात पाठीमागे बांधलेले. सगळं कुटुंब अंगावर घेऊन ते चालत असतात. कुणी हैदराबादचे, कुणी बडोद्याचे, कुणी ठाण्याचे. माझ्या वाट्याला आलेले अण्णा मूळचे कणकवलीकडचे आणि नोकरीने मुंबईचे.

मुंबईत ते एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत होते. कुठल्या, ते विचारू नका. त्या कचेरीबद्दल अण्णांची काही तक्रार नाही, आणि अशी ती जगातली एकमेव जागा आहे. टपाल फोडायचं, वहीत नोंदवायचं, वर आवक क्रमांक टाकायचा, संबंधित शाखेकडे पाठवायचं. खिडकीसमोरच्या माणसाने दुसरी प्रत पुढे सरकवून "साहेब, पोच" म्हटलं की तिच्यावर शिक्का. त्या अर्जाचं पुढे काय झालं हे पाहणं अण्णांच्या टेबलाचं काम नव्हतं. त्यांचं निरीक्षण असं, की पोच हातात पडली की निम्मी माणसं तिथेच शांत होतात. उरलेली निम्मी स्मरणपत्र घेऊन येतात. मग स्मरणपत्र दोन. त्यावर "संदर्भ" म्हणून स्मरणपत्र एक. दुपारी दीड वाजता खिडकीवर "जेवणाची सुट्टी" अशी पाटी लागे. त्या पाटीसमोर उभं राहून रांगेतली माणसं जे बोलत, ते आत डबा खाता खाता ऐकून अण्णांचं मराठी तयार झालं.

त्यामुळे कुणी सरसकट "तक्रार" म्हटलं की त्यांना चालत नाही. पार्कातल्या बाकावर मी एकदा सहज म्हणालो, "अण्णा, तुमची सारखी काहीतरी तक्रार असते." तर थांबून मला म्हणाले, "शब्द जपून वापर. आज सकाळपासून मी एकही तक्रार केलेली नाही. कुरकुर केली आहे. कुरकुर खाटसुद्धा करते. तिला ऐकणारा लागत नाही."

"मग कुरबूर?"

"ती दोघांत होते. भावाभावांत, जावाजावांत, युतीतल्या दोन पक्षांत. आणि ती कधी लेखी नसते. लेखी झाली की वाटणीच होते. धुसफूस तोंडाने होत नाही, भांड्यांनी होते." इथे त्यांनी नदी सोडून घराच्या दिशेला पाहिलं. "भुणभुण कानाशी. पिरपिर पावसाची नाहीतर पोराची, दोघांनाही कुठे थांबावं कळत नाही. कागाळी करायची तर ज्याच्याविषयी करायची तो समोर नसावा आणि जिच्याकडे करायची ती वडीलधारी असावी. तीच स्वतःच्या फायद्यासाठी केली की चहाडी. शाळेत केली की चुगली. फिर्यादीला स्टॅंप लागतो. बोंबेला पत्तासुद्धा लागत नाही, कुठेही उभं राहून मारता येते."

यापुढची उतरंड हुद्द्याप्रमाणे लागते. ऑडिटर तक्रार करत नाही, आक्षेप घेतो. नगरपालिका विकास आराखडा जाहीर करते तेव्हा तक्रारी मागवत नाही, हरकती व सूचना मागवते. मंत्रिपद हुकलेला आमदार तक्रार करत नाही, तो नाराज असतो, आणि त्याची नाराजी दूर करायला रात्री गाड्या पाठवाव्या लागतात. संमेलनाध्यक्ष खंत व्यक्त करतात. वर्तमानपत्राला छापायचं असेल पण कुणाचं नाव घालायचं नसेल तेव्हा ती "नागरिकांची ओरड" असते.

"आणि पेन्शनर?" मी विचारलं.

"पेन्शनर नावं ठेवतो," अण्णा म्हणाले. "त्याला कागद लागत नाही, शिक्का लागत नाही, कारण लागत नाही."

शेजारच्या बाकावर हैदराबादचे अण्णा बसले होते. त्यांना मराठी समजतं, उर्दू पाठ आहे. ते म्हणाले, "भाईसाब, हा शब्द आमच्याकडून तुमच्याकडे आला. अरबीत तकरार म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. उर्दूत येईपर्यंत त्याचं भांडण झालं. हिंदी सिनेमात तर प्यार झालं की तकरार होतेच."

मला वाटलं, अण्णा यावर आक्षेप घेतील. पण त्यांचा चेहरा बढतीचा हुकूम हातात पडल्यासारखा उजळला. "बरोबर आहे! अगदी बरोबर! एकदा सांगितली तर ती माहिती. दुसऱ्यांदा सांगितली तर आठवण. तिसऱ्यांदा सांगितली की तक्रार!" त्या दिवसापासून अण्णांचा दिनक्रम तिन्ही भाषांत चालतो. सकाळी ते मराठी अर्थाने तक्रार करतात, दुपारी काकूंशी हिंदी अर्थाने, आणि संध्याकाळी पार्कात मला सगळं अरबी अर्थाने ऐकवतात.

या माणसाला अमेरिकेने फार छळलं. कसं, ते लोकांच्या लक्षात येत नाही. लोकांना वाटतं, थंडी असेल, एकटेपण असेल, भाजी महाग असेल. ते सगळं आहेच, पण खरी गोष्ट मिक्सरपासून सुरू झाली.

काकूंनी एका मोठ्या दुकानातून मिक्सर आणला. चटणी वाटताना तो गरम होऊन थांबायचा. अण्णांनी प्रकरण हातात घेतलं. पावती शोधली, खोका शोधला, खोक्यातला थर्मोकोल शोधला. तारीखवार टिपण तयार केलं : अमुक दिवशी खोबरं, अमुक दिवशी शेंगदाणे, प्रत्येक वेळी किती मिनिटांनी थांबला. साक्षीदार म्हणून काकूंना इस्त्रीची साडी नेसायला लावली. गाडीत बसल्यावर मुलाला तीनदा बजावलं, "तू मधे बोलायचं नाहीस." दुकानात काउंटरवरच्या मुलीने खोका घेतला, पावतीवरून यंत्र फिरवलं, हसून "नो प्रॉब्लेम" म्हणाली, पैसे कार्डावर परत गेले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक गेली.

"विचारलंसुद्धा नाही!" अण्णा मला सांगत होते, आणि आवाज खरोखर दुखावलेला होता. "काय बिघडलं, कसं बिघडलं, कधीपासून, काही नाही. तुम्हीच पाडला नाही ना, एवढं तरी? माझ्यावर साधा संशयसुद्धा घेतला नाही रे!"

"टिपण तसंच खिशात राहिलं," काकू म्हणाल्या. "घरी येऊन नीट जेवले नाहीत."

माझ्या मते अण्णांचं इथे काही चुकत नाही. तक्रारीला दोन माणसं लागतात, एक करणारा आणि एक नाकबूल करणारा. समोरच्याने पहिल्याच वाक्याला मान्य केलं तर करणाऱ्याने उरलेली वाक्यं कुठे ठेवायची? आपल्याकडे "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे वाक्य ऐकून माणूस घरी येतो तेव्हा त्याला आठवडाभर पुरेल एवढा ऐवज मिळालेला असतो. इथे दोन मिनिटांत पैसे परत घेऊन रिकामा घरी येतो.

दवाखान्यातही तेच. आपल्याकडचे डॉक्टर "काय तक्रार आहे?" म्हणतात आणि मान वर करतात. इथल्या फॉर्मवर "चीफ कम्प्लेंट" असा रकाना होता. अण्णांना आधी आनंद झाला, की शरीराच्या बाबतीत तरी या देशाला तक्रार हा शब्द मान्य आहे. मग रकाना पाहिला. एक ओळ. त्यांनी त्या ओळीत "सोबत जोडलेले परिशिष्ट अ पाहावे" असं इंग्रजीत लिहिलं आणि मागे दोन कागद जोडले, गुडघा, पित्त, झोप, कानातला आवाज, आणि शेवटी "संकीर्ण". डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद वाचले, प्रत्येक मुद्द्यावर काहीतरी लिहून दिलं आणि "अजून काही?" असं विचारलं. अण्णा म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचा शब्द सुचला नाही.

मग त्यांनी शहाणपणाने धोरण बदललं. जी सुटू शकते ती तक्रार करायचीच नाही. टिकाऊ माल निवडायचा.

पहिला टिकाऊ माल म्हणजे कॅनडा गूज. जॉन्सन पार्कात हे पक्षी कळपाने फिरतात, लांब काळी मान, गालावर पांढरा पट्टा, चालण्यात तहसीलदाराचा रुबाब. वाटेवर त्यांनी जे करून ठेवलेलं असतं ते चुकवत अण्णांना पावलं टाकावी लागतात. मी सांगितलं, की १९१८ च्या कायद्याने स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण आहे, परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. अण्णांनी दोन्ही हात चोळले. "म्हणजे शंभर वर्षं हे असंच आहे? उत्तम!" पुढे त्यांच्या लक्षात आलं, की यातले पुष्कळसे पक्षी स्थलांतर वगैरे काही करत नाहीत, बारमाही इथेच राहतात. तेव्हापासून रोज विचारतात, "स्थलांतरित म्हणून आले आणि कायमचे राहिले. यांचा व्हिसा कुठला आहे?" हा प्रश्न ते कमरेवर हात ठेवून, ग्रीन कार्ड खिशात असताना विचारतात.

दुसरा माल जगहॅंडल. न्यू जर्सीच्या कित्येक मोठ्या रस्त्यांवर डावीकडे वळायचं असेल तर डावीकडे वळता येत नाही. उजवीकडच्या फाट्याने बाहेर पडायचं, वळसा घालायचा आणि मग आडव्या रस्त्याने हवं तिकडे जायचं. मुलगा सांगतो, समोरून येणारी वाहनं अडत नाहीत, अपघात कमी होतात. अण्णा याला नावं ठेवतात, पण त्यांच्या आवाजात एक आपुलकी असते. "आमच्याकडेही हेच होतं. साहेबाला भेटायचं तर आधी शिपायाकडून जायचं."

मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, ते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. अण्णांचं म्हणणं हिशेबाचं आहे. "तास घेतला तो परत केला, हे ठीक. पण जवळजवळ आठ महिने वापरला. त्याचं व्याज?" हा मुद्दा आजवर एकाही अमेरिकन माणसाला खोडता आलेला नाही. समजलेलाही नाही.

मे महिन्यात हापूसची तक्रार येते, आणि ती मी पूर्ण ऐकतो, कारण तिच्यात तथ्य आहे. भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार बरीच वर्षं बंद होतं. ते २००७ साली उघडलं, पण अट अशी, की फळातल्या किडीचा बंदोबस्त म्हणून विकिरण करूनच पेटी पाठवायची. ती सोय होती नाशिक जिल्ह्यात लासलगावला, मुळात कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात. अण्णांच्या आतेभावाची कलमं देवगडला. "समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेलो माझो आंबो," इथे अण्णांची भाषा आपोआप घाट उतरते, "आणि तेका तुम्ही कांद्याच्या रांगेत उभो केल्यात?" दुकानातली पेटी उघडून ते एक आंबा नाकाशी धरतात, डोळे मिटतात, आणि उघडल्यावर कुणाकडे बघत नाहीत. मग आणखी तीन पेट्या घेतात.

वायफायचं प्रकरण मात्र थोडक्यात आटोपलं. त्यांच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं, भिंत मधे येते एवढंच कारण. पण नातीने बोलता बोलता सांगितलं, की वायफायचे नियम, ते ८०२.११ नावाचं मानक, आयईईई ही संस्था ठरवते, आणि तिचं कामकाजाचं मोठं ठाणं इथेच पिस्कॅटवेत होज लेनवर आहे. अण्णा उठून पॅंट चढवू लागले. मूळ अधिकारी घरापासून गाडीने इतक्या जवळ, आणि तुम्ही फोनवर कुणा पोऱ्याशी बोलता? मुलाने संध्याकाळपर्यंत खोलीत नवं यंत्र बसवलं. अण्णांची ती भेट राहून गेली ती गेलीच.

आणि मग खड्डा.

घरासमोरच्या रस्त्याला हिवाळ्यानंतर एक खड्डा पडला. बर्फ वितळतं, पाणी डांबराच्या फटीत शिरतं, रात्री पुन्हा गोठून फुगतं, आणि रस्ता उकलतो. इथे वसंत ऋतू असाच येतो. अण्णांना वाटलं, खड्डा म्हणजे टिकाऊ मालाचा राजा. मुंबईत एकेका खड्ड्यावर त्यांनी पिढ्या वाढलेल्या पाहिल्या होत्या. त्यांनी हाताने अर्ज लिहिला. विषय : रस्त्यावरील खड्ड्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून. खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून चार नावं. नातीने अर्ज बाजूला ठेवला, फोनने खड्ड्याचा फोटो काढला, त्यावर दोन बोटं आपटली आणि म्हणाली, "झालं, आजोबा."

"पोच?"

"आली ना ईमेलवर."

"शिक्का?"

अण्णा घरात गेले आणि त्यांनी स्मरणपत्र एक लिहायला घेतलं. ते शाई वाळून पाकिटात जाण्याआधीच एका सकाळी गाडी आली, दोन माणसं उतरली, खड्डा झाडला, गरम डांबर ओतलं, दाबलं, अण्णांना हात केला आणि निघून गेली. मी कामावरून आलो तेव्हा अण्णा त्या काळ्या चौकोनापाशी उभे होते. "पाहणी नाही. पंचनामा नाही. अंदाजपत्रक नाही. निविदा कधी निघाली? कुणाच्या सहीने?" काकू दारातून दोनदा डोकावून गेल्या. मला हळूच म्हणाल्या, "जरा बोल त्यांच्याशी. सकाळपासून कशालाच नावं ठेवली नाहीत. आमटी अळणी झाली होती, तरी."

मी काही बोलणार इतक्यात अण्णांनी उजव्या पायाने त्या चौकोनाची कड चाचपली. मग डाव्या पायाने. मग चप्पल काढून.

"जरा उंच झालाय, नाही?" त्यांनी विचारलं.

रात्री काकूंनी सोलकढी केली.

वर्षातून एक दिवस अण्णा निराळे दिसतात. त्यांच्या घरी गणपती असतो. सिंधुदुर्गात देवासमोर गाऱ्हाणं घालायची रीत आहे : मानाच्या माणसाने उभं राहून देवाला सगळ्यांच्या वतीने सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला होकार भरायचा. गर्हणा म्हणजे खरं तर निंदा, दूषण. तिचं गाऱ्हाणं झालं आणि कोकणात उतरता उतरता त्याची प्रार्थना झाली. कुणी केली, कशी केली, याची नोंद नाही, पण मराठी माणूस देवाशी बोलायला लागला की भांडणावर येतो आणि भांडणातूनच पाया पडतो, हे पंढरपूरच्या वाटेवरही दिसतं.

आरती झाल्यावर अण्णा पाटाजवळ उभे राहतात. नातवाच्या शाळेचा टी-शर्ट नसतो, सदरा-धोतर असतं.

"बा देवा गणपती म्हाराजा! आज ही तुझी लेकरा सात समुद्रापलीकडे, ह्या पिस्कॅटवेत तुझ्या पायाकडे जमली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्या हातून काय चुकला-माकला असात तर पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचो ग्रीन कार्डाचो अर्ज रांगेत अडकलो असात, तो सोडव म्हाराजा!"

इथे इतका वेळ मोबाइलवर चित्रीकरण करणारी सॉफ्टवेअरमधली मंडळी मोबाइल खाली करतात. गेली कित्येक वर्षं भारतीयांच्या रांगेत उभी असलेली, आईवडिलांच्या आजारपणातही तिकीट काढावं की नाही असा विचार करावा लागलेली ही माणसं. "व्हय म्हाराजा!" शेजारच्या घरात ऐकू जातं.

"कोणाच्या नोकरीवर कोणाची वाकडी नजर पडली असात, ती मोडून काढ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्या नदीकाठच्या पक्ष्यांका सुबुद्धी दी म्हाराजा!"

मी एकदा विचारलं, "अण्णा, या अर्जाची पोच नको का तुम्हाला?" ते म्हणाले, "सगळ्यांनी व्हय म्हटलं ना? मग आणखी कसली पोच?" आणि मोदकाच्या पाऱ्या जाड झाल्या आहेत हे सांगायला स्वयंपाकघरात गेले.

गेल्या चार जुलैला त्यांची नेहमीची तक्रार चालू होती, फटाके उशिरा सुरू होतात, लवकर संपतात आणि आपल्याला उडवू देत नाहीत. मी म्हटलं, "अण्णा, हा दिवस कशाचा ते माहीत आहे का? हा देशच एका तक्रारअर्जावर उभा आहे." आणि त्यांना १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा सांगितला. लोकांना सुरुवातीची दोन वाक्यं आठवतात, माणसं समान वगैरे. त्याच्या खाली जे आहे ती यादी आहे, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जने काय काय केलं त्याची. आमचे कायदे अडवून ठेवले, न्यायाधीश आपल्या मुठीत ठेवले, अधिकाऱ्यांच्या झुंडी पाठवल्या, न विचारता कर बसवले. एकूण सत्तावीस कलमं.

"क्रमांक घातले होते?"

"नाही. पुढच्या लोकांनी मोजली."

"हं. तिथेच चुकले." पण अण्णा पुढे सरकून बसले.

"आणि पाचच दिवसांनी, नऊ जुलैला, तो कागद जॉन नीलसन नावाच्या कर्नलने इथे पलीकडे न्यू ब्रन्सविकला लोकांसमोर मोठ्याने वाचला. ही नदी ओलांडली की."

"त्याआधी रीतसर अर्ज केले होते का? एकदम जाहीरनामा काढता येत नाही."

"केले होते. पुन्हा पुन्हा केले, असं त्यांनी जाहीरनाम्यातच लिहिलंय. शेवटचा १७७५ च्या जुलैमध्ये, अगदी नम्र भाषेत. राजाने तो हातात घ्यायलाच नकार दिला."

अण्णा उभे राहिले. "घेतलाच नाही? म्हणजे आवकला नोंदच नाही?"

"नाही."

"अरे, नामंजूर कर! प्रलंबित ठेव! त्रुटी काढून परत पाठव! पण अर्ज घ्यायचा नाही?" त्यांचा आवाज ऐकून दोन गूज वाटेवरून बाजूला झाले. "मग दुसरं काय करणार माणसं? लढाईच!" अमेरिकेची बाजू अण्णांनी घेतलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मग मी त्यांना सांगितलं, की हा घाव इतका खोल होता की १७९१ मध्ये घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत गाऱ्हाण्यांच्या निवारणासाठी सरकारकडे अर्ज करण्याचा हक्क लिहून ठेवला. ते बसले. जरा विचार करून म्हणाले, "अर्जाचा हक्क दिला. पोचेचा दिला का?"

त्या भरात मी त्यांना गावचीही गोष्ट सांगून टाकली. १७७६ च्या हिवाळ्यात इंग्रज फौजेने न्यू ब्रन्सविक-पिस्कॅटवेच्या परिसरात तळ ठोकला आणि घोड्यांच्या चाऱ्यापासून माणसांच्या अंथरुणापर्यंत सगळं शेतकऱ्यांच्या घरांतून उचललं. कुंपणाचे वासे जाळायला नेले. पुढे न्यू जर्सीच्या विधिमंडळाने १७८१ च्या डिसेंबरात कायदा करून नुकसानीची मोजदाद करवली, आणि मिडलसेक्स काउंटीतल्या माणसांनी याद्या लिहून दिल्या. गवत इतकं, डुकरं इतकी, गाद्या, पातेली, कुंपण, प्रत्येकापुढे किंमत. त्या याद्या ट्रेंटनला राज्याच्या अभिलेखागारात आजही आहेत.

"आपल्या गावच्या माणसांच्या?"

"हो. पिस्कॅटवेच्यासुद्धा."

"क्रमवार? किमतीसकट? पातेलीसुद्धा?" अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. "आणि अजून ठेवल्यात? म्हणजे अ वर्गात टाकलंय प्रकरण. कायम जतन. आमच्याकडे क आणि ड वर्गाचे कागद मुदत संपली की नष्ट करायचे, पण अ ला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती." मी पुढे काही बोलणार, तर त्यांनी हात वर केला. "निकाल काय लागला ते सांगू नकोस. फाईल फाडलेली नाही म्हणजे प्रकरण जिवंत आहे."

आता आम्ही ट्रेंटनला जाणार आहोत. न्यू ब्रन्सविकहून गाडी सरळ तिथे जाते, म्हणजे स्टेशनची तक्रार जाता जाता होईल. काकू थेपले देणार आहेत. अण्णांनी नवी वही घेतली आहे, दोन रंगांची शाई घेतली आहे आणि नातीकडून त्या जागेचा पत्ता छापून घेतला आहे. काल रात्री त्यांचा फोन आला.

"एक काम कर. तिथे जेवणाची सुट्टी किती वाजता असते ते विचारून ठेव."

"विचारतो. म्हणजे त्याच्या आधीच पोचू."

"आधी कशाला?" अण्णा म्हणाले. "बरोबर पाटी लावायच्या वेळेला पोचायचं."